विमान कंपन्यांच्या समूहात अंदाज बदलला, सेगमेंटही बदलले: मागच्या वर्षाचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. समूहात पाच व्यवसाय आहेत: पूर्ण सेवा देणारी विमान कंपनी, कमी दराची विमान कंपनी, मालवाहतूक, विमानांची देखभाल-दुरुस्ती आणि माइल्सचा (प्रवाशांना गुण देण्याचा) कार्यक्रम. यंदा विमानांचं आयुष्य २० वरून २५ वर्षं धरायचं ठरतंय आणि त्याच वर्षी सेगमेंटची, म्हणजे अहवालात वेगळे दाखवायच्या व्यवसाय-विभागांची, मांडणीही बदलतेय. मागच्या वर्षाचे आकडे बदलायचे का? आणि हे सगळं ‘हवाई वाहतूक’ या एकाच सेगमेंटमध्ये बसवून टाकता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे: तुम्ही वर्णन केलेल्या समूहात बहुतेक नाही. पहिल्याचं उत्तर दोन तुकड्यांत आहे. अंदाज बदलला तर मागच्या वर्षाला हात लावायचा नाही. आयएएस ८ (अंदाज, धोरणं आणि चुकांबद्दलचं आंतरराष्ट्रीय लेखा मानक) नुसार परिणाम चालू आणि पुढच्या वर्षांतच घ्यायचा. सेगमेंटची रचना बदलली तर मात्र मागचं वर्ष नव्या रचनेत पुन्हा मांडायचं. तसं आयएफआरएस ८ (सेगमेंटबद्दलचं मानक) म्हणतं. म्हणजे एकाच अहवालात एक बदल पुढे बघतो आणि दुसरा मागे. मागच्या वर्षाचा सेगमेंट नफा नव्या चौकटीत येतो, पण त्यातला घसारा (विमानाच्या किमतीचा वर्षावर्षांत वाटलेला खर्च) जुन्याच आयुष्याचा राहतो. वाचणाऱ्याला वाटतं, कमी दराची कंपनी सुधारली. प्रत्यक्षात फक्त घसारा कमी झालेला असतो. तुमच्या टिपांमधली (आकड्यांसोबतच्या खुलाशांमधली) खरी अडचण ही आहे. बाकी तपशिलाकडे मी याच नजरेने बघणार आहे.

विमानांचं आयुष्य

आकडा घालून बघू. एक विमान १० कोटी डॉलरचं, आयुष्य २० वर्षं, अवशिष्ट मूल्य (शेवटी उरेल अशी धरलेली किंमत) १० टक्के. वर्षाचा घसारा ४५ लाख डॉलर. आठ वर्षांनी पुस्तकी किंमत ६.४ कोटी उरते. आता एकूण आयुष्य २५ वर्षं आणि अवशिष्ट मूल्य ५ टक्के केलं, तर उरलेल्या १७ वर्षांत ५.९ कोटी पसरायचे, म्हणजे वर्षाला सुमारे ३४.७ लाख. एका विमानामागे नफा १०.३ लाखांनी वाढला. अशी ६० विमानं असतील तर ६ कोटी डॉलरहून जास्त. एकही जादा प्रवासी न नेता.

हे करणं गैर नाही. डेल्टाने १९८६ मध्ये आयुष्य १० वरून १५ वर्षं केलं, १९९३ मध्ये २० वर्षं केलं आणि त्याच वेळी अवशिष्ट मूल्य १० वरून ५ टक्क्यांवर आणलं. सिंगापूर एअरलाइन्स १९८९ पर्यंत फक्त आठ वर्षांत घसारा काढत होती, मग १० वर्षं आणि २० टक्के अवशिष्ट मूल्य असं धरू लागली. त्या काळात दोघींची पत्रकं शेजारी ठेवली तर एकाच जातीच्या विमानाचा खर्च अगदी वेगळा दिसे, आणि दोघींकडे आपापली कारणं होती: एक कंपनी विमानं लवकर विकून ताफा तरुण ठेवत होती, दुसरी ती दीर्घकाळ चालवत होती. आयुष्य म्हणजे विमान किती वर्षं उडू शकतं हे नव्हे; तुम्ही ते किती वर्षं ठेवणार आहात, हे. म्हणून ऑडिटरने पहिल्यांदा मागायची गोष्ट म्हणजे संचालक मंडळाने मंजूर केलेली ताफ्याची योजना. त्या योजनेत १८ व्या वर्षी विक्री लिहिलेली असेल आणि घसारा २५ वर्षांचा असेल, तर चर्चा तिथेच संपते.

दुसरी तपासणी याहून साधी आहे आणि ती फार कमी जण करतात. गेल्या पाच-सात वर्षांत विकलेल्या प्रत्येक विमानावर नफा झाला की तोटा, ते एका कागदावर मांडा. दर वेळी तोटाच दिसत असेल तर अवशिष्ट मूल्य फुगवलेलं आहे. दर वेळी मोठा नफा दिसत असेल तर घसारा जास्त काढला जातोय. चिन्ह दोन्हीकडे हलत असेल तर अंदाज बरा आहे. आणि सावध राहा: ही माहिती आधीच हाताशी असूनही वापरली नव्हती असं निघालं, तर तो अंदाजातला बदल राहत नाही, ती चूक ठरते आणि मग मागची वर्षं दुरुस्त करावी लागतात. २०२३ पासून आयएएस ८ मध्ये अंदाजाची व्याख्या स्वतंत्रपणे दिली आहे, मोजमापात अनिश्चितता असलेली रक्कम अशी. त्यामुळे ‘धोरण बदललं’ आणि ‘अंदाज बदलला’ यातली सरमिसळ आता सहज खपत नाही.

घटकांचं विसरू नका. सांगाडा, इंजिनं, लँडिंग गिअर, केबिन यांची आयुष्यं वेगळी. केबिनमधल्या आसनांना २५ वर्षं लावलेली मी पाहिली आहेत, ती निव्वळ सोय असते. इंजिनाची मोठी ओव्हरहॉल (पूर्ण दुरुस्ती) वेगळा घटक म्हणून मालमत्तेत धरायची आणि पुढच्या ओव्हरहॉलपर्यंतच्या तासांवर किंवा उड्डाणचक्रांवर (एक उड्डाण आणि उतरणं म्हणजे एक चक्र) खर्चात काढायची. विमानाचं आयुष्य पाच वर्षांनी वाढलं म्हणजे ओव्हरहॉलचं अंतर वाढत नाही. उलट त्या जादा पाच वर्षांत आणखी एक ओव्हरहॉल येऊ शकते. घसाऱ्यातली बचत मांडताना हा खर्च सोयीस्करपणे गळतो.

लीजवरचं विमान परत देताना

माझ्या मते विमान समूहातला सगळ्यात निसरडा अंदाज म्हणजे लीजवरचं (भाड्याने घेतलेलं) विमान परत देण्याचा खर्च, आयुष्यापेक्षाही. करारात लिहिलेलं असतं की विमान अमुक स्थितीत परत द्यायचं: इंजिनात इतके तास शिल्लक, ठरावीक आयुष्याच्या सुट्या भागांत इतकी चक्रं शिल्लक, रंग, मोठी तपासणी पूर्ण. यातलं जे विमान ताब्यात घेतल्या क्षणीच टळणार नाही, उदाहरणार्थ शेवटचा रंग, ते सुरुवातीलाच वापर-हक्क मालमत्तेत (लीजवरचं विमान वापरण्याच्या हक्काच्या किमतीत) जातं. जे उडण्यामुळे झिजतं, त्याची तरतूद (पुढच्या खर्चासाठी आजच धरलेली देणी) उड्डाणागणिक वाढत जाते.

समजा इंजिनाच्या शॉप व्हिजिटचा (कारखान्यातल्या मोठ्या दुरुस्तीचा) अंदाजे खर्च ६० लाख डॉलर, अंतर १८,००० तास, वर्षाचं उड्डाण ३,००० तास. तासाला सुमारे ३३३ डॉलर, वर्षाला १० लाख. दिसायला सोपं. पण हे चार आकडे बघा: खर्चाचा दर (तो दर वर्षी वाढतो), तासांचं अंतर (वाळवंटी, धुळीच्या मार्गांवर कमी होतं), पुढच्या वर्षांचा वापर, आणि सवलतीचा दर (पुढचा खर्च आजच्या किमतीत आणण्याचा). शिवाय सगळं डॉलरमध्ये. समूहाचं चलन वेगळं असेल तर दर तिमाहीला विनिमय फरकाची वेगळी ओळ. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी राहिली तेव्हा तास मंदावले, म्हणून नव्याने होणारी तरतूद कमी झाली. पण ज्यांनी विमान मुदतीआधी परत द्यायचं ठरवलं, त्यांचा खर्च जवळ आला. एकाच समूहात दोन्ही दिशा एकदम दिसू शकत होत्या.

यात देखभालीसाठी विमान लीजवर देणाऱ्याला दरमहा भरलेली राखीव रक्कम असते, तीही तपासा. ती परत मिळणार असेल तर येणं आहे. मिळण्याची शक्यता नसेल तर ती मालमत्ता म्हणून ताळेबंदात ओढत ठेवता येत नाही.

आता सेगमेंटचा भाग. बऱ्याच समूहांत विमानं बाहेरून लीजवर घेणारी एक अंतर्गत कंपनी असते आणि ती ती विमानं पुढे चालवणाऱ्या कंपन्यांना देते. परत देण्याची तरतूद या कंपनीत बसते; झीज मात्र चालवणाऱ्या कंपनीमुळे होते. अंतर्गत भाडं झिजेनुसार ठरवलेलं नसेल, तर कमी दराच्या कंपनीचा सेगमेंट नफा छान दिसतो आणि तोटा ‘इतर व समायोजन’ या स्तंभात पडून राहतो. एकत्रित नफ्यात काहीच बदलत नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. पण आयएफआरएस ८ अंतर्गत व्यवहारांचा आधार सांगायला लावतं, आणि वाटप करणार असाल तर ते वाजवी आधारावर असलं पाहिजे, असंही सांगतं.

माइल्स

माइल्सचा कार्यक्रम हा एके काळी जाहिरातखर्च समजला जायचा. आयएफआरआयसी १३ (ग्राहक-निष्ठा योजनांबद्दलचा अर्थनिर्णय) आल्यावर तो स्थगित उत्पन्नाचा (पुढच्या काळासाठी राखून ठेवलेल्या उत्पन्नाचा) भाग झाला आणि २०१८ पासून आयएफआरएस १५ (उत्पन्नाचं मानक) खाली तो वेगळा हक्क म्हणून मोजला जातो. तिकीट ५०० डॉलरचं, त्यावर १,००० माइल्स, प्रत्येकाची किंमत एक सेंट, आणि ९० टक्के वापरले जातील असा अंदाज. तर माइल्सची स्वतंत्र किंमत ९ डॉलर, आणि ५०० चे वाटप केल्यावर त्यांच्या वाट्याला ८.८४ डॉलर. तेवढं आज उत्पन्न नाही.

वाटपाचं हे प्रमाण नंतर बदलत नाही. बदलतो तो वापराचा अंदाज, आणि त्याचा फरक एका झटक्यात येतो. समजा माइल्सपोटी एकूण ९० कोटी डॉलर स्थगित केले. दर १०० माइल्समागे ९० वापरले जातील असं धरलं होतं, आतापर्यंत ४५ वापरले गेले. उत्पन्न ४५ कोटी. आता अंदाज ८५ वर आणला तर ४५ भागिले ८५ गुणिले ९०, म्हणजे ४७.६५ कोटी. २.६५ कोटी डॉलर त्याच तिमाहीत उत्पन्नात. घसाऱ्यातला बदल १७ वर्षांत पसरला होता. हा लगेच आला. ‘अंदाज पुढेच जातो’ हे तोंडपाठ वाक्य इथे लोकांना चकवतं. मागची वर्षं बदलत नाहीत हे खरं, पण चालू वर्षात मागचं सगळं गोळा होऊन येतं.

सेगमेंटमध्ये हा फरक कुणाच्या खात्यावर गेला, हे विचारा. क्वांटास लॉयल्टी (माइल्सचा व्यवसाय) वेगळा सेगमेंट दाखवते, आयएजीही (ब्रिटिश एअरवेजचा मूळ समूह) लॉयल्टी वेगळी दाखवते. कार्यक्रम बँकांना माइल्स विकतो, त्या पैशातला काही भाग जाहिरात आणि ब्रँडच्या वापराचा, तो लगेच उत्पन्न. बाकीचा जागा दिल्यावर. जागा देते विमान कंपनी, आणि त्या जागेसाठी कार्यक्रम तिला अंतर्गत दराने पैसे देतो. न वापरलेल्या माइल्सचा नफा कार्यक्रमाकडे ठेवायचा की विमान कंपनीकडे, आणि जागेचा दर ०.८ सेंट की ०.९ सेंट, हे दोन निर्णय दोन्ही सेगमेंटचं चित्र ठरवतात. कार्यक्रमाचा काही हिस्सा विकायचा विचार सुरू झाला की हे दर अचानक बदलतात. सेगमेंटच्या टिपेत मोजमापाच्या पद्धतीतला बदल आणि त्याचा परिणाम सांगणं बंधनकारक आहे. हा बदल तिथे दिसलाच पाहिजे.

न उडालेल्या तिकिटांबद्दल थोडक्यात. जुन्या आकडेवारीवरून जेवढी तिकिटं वाया जातील तेवढं उत्पन्न प्रवास होत जाईल त्या प्रमाणात घ्यायचं. २०२० मध्ये परताव्याऐवजी व्हाउचर दिली गेली आणि त्यांच्या मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या. त्या वर्षांची आकडेवारी आजच्या अंदाजात मिसळू नका. युरोपातल्या उशिराच्या भरपाईचा (२५० ते ६०० युरो) प्रश्न सप्टेंबर २०१९ मध्ये आयएफआरएस इंटरप्रिटेशन्स कमिटीने (मानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीने) मिटवला: ती उत्पन्नातून वजा करायची, वेगळा खर्च म्हणून नाही. त्यामुळे ती सेगमेंटच्या महसुलातही दिसते.

सेगमेंट किती?

सुरुवात बोर्ड पॅकपासून (वरिष्ठांना दरमहा जाणाऱ्या आकड्यांच्या अहवालापासून) करा. मुख्य निर्णयकर्ता, म्हणजे जो पैसा आणि विमानं कुठे द्यायची ते ठरवतो, तो दरमहा कोणते आकडे बघतो? ते हुद्द्याचं नाव नाही, काम आहे. आयएजीमध्ये ते व्यवस्थापन समिती करते. तुमचा सीईओ पाच पानं बघत असेल, प्रत्येकावर व्यवसायाचा नफा असेल आणि त्या व्यवसायाचा प्रमुख त्याला उत्तर देत असेल, तर तुमच्याकडे पाच ऑपरेटिंग सेगमेंट (कारभार ज्या विभागांनुसार चालतो ते) आहेत. ‘आमचं जाळं एकच आहे’ हा युक्तिवाद एका ब्रँडच्या कंपनीत चालतो, कारण तिथे मार्गांचा निर्णय खरोखर एका जागी होतो. तुमच्याकडे तो चालणार नाही.

समूह वेगवेगळं कापतात ते यामुळेच. आयएजी कंपनीनुसार जाते: ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, व्ह्यूलिंग, एअर लिंगस. लुफ्तान्सा व्यवसायानुसार: प्रवासी विमान कंपन्या, लॉजिस्टिक्स, देखभाल. एअर फ्रान्स-केएलएम मालवाहतूक ‘नेटवर्क’मध्ये धरते आणि ट्रान्सअव्हिया वेगळी ठेवते. डेल्टाकडे तर विमान कंपनी आणि तेलशुद्धीकरण कारखाना असे दोन सेगमेंट आहेत. ट्रेनरचा तो कारखाना तिने २०१२ मध्ये घेतला. यातली एकही मांडणी नकलण्याजोगी नाही, कारण प्रत्येकीमागे तिथला कारभार आहे.

दोन सेगमेंट एकत्र करायचे तर त्यांचे दीर्घकालीन आर्थिक गुण सारखे लागतात, शिवाय सेवा, ग्राहक, विक्रीची पद्धत, नियामक चौकटही. पूर्ण सेवेची आणि कमी दराची कंपनी यांचा नफ्याचा दर वर्षानुवर्षं वेगळा असतो. ‘दोन्ही विमानंच उडवतात’ एवढ्यावर भागत नाही. आणि एकत्र केलंत तर का केलं, ते टिपेत लिहावं लागतं.

सेगमेंट वेगळा दाखवायचा का, हे ठरवणारी १० टक्क्यांची कसोटी महसूल (अंतर्गत विक्रीसह), नफा-तोटा किंवा मालमत्ता यांपैकी एकीवर लागू पडली तरी पुरते. नफ्याच्या कसोटीत एक गंमत आहे. चांगल्या वर्षी पाच व्यवसायांचा नफा ३००, ८०, ४०, २५ आणि ९५. बेरीज ५४०, उंबरठा ५४. माइल्स आत. वाईट वर्षी पूर्ण सेवेचा तोटा ९००, कमी दराचा २५०, देखभालीचा ५०. मालवाहतुकीचा नफा ११०, माइल्सचा ६०. आता उंबरठा नफ्याच्या नव्हे तर तोट्याच्या बेरजेवर, म्हणजे १,२०० वर ठरतो: १२०. नफा कमावणारे दोनच व्यवसाय, आणि दोन्ही या कसोटीत नापास! इतर कसोट्यांवर ते पास होऊ शकतात, आणि पुढेही महत्त्वाचे राहणार असतील तर आधी दाखवलेला सेगमेंट एका वर्षासाठी काढायचा नसतो. शेवटी बाहेरच्या महसुलाचा ७५ टक्के भाग सेगमेंटमध्ये आला पाहिजे.

प्रवासी विमानाच्या पोटातली मालवाहतूक हा कायमचा वाद. इंधनाचा किती भाग मालाचा? पूर्ण खर्च लावला तर मालवाहतूक तोट्यात, फक्त जादा खर्च लावला तर भरपूर नफ्यात. मानक एकच पद्धत लादत नाही. सीईओला दाखवता तीच दाखवा आणि ती सांगा. भौगोलिक माहितीत मात्र ढिलाई दिसते: महसूल तिकीट विकलं त्या देशाचा की प्रवास सुरू झाला त्या देशाचा, हे लिहायचं राहून जातं. विमानं फिरती असल्याने त्यांची देशवार विभागणी करत नाही, असं म्हणणं सर्वमान्य आहे. ते एका वाक्यात लिहा.

एकच सेगमेंट हवा असण्यामागचं कारण

हा प्रश्न बहुधा स्पर्धकांना आकडे दिसू नयेत म्हणून येतो. पण त्याला गुडविलची (कंपनी विकत घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेहून जास्त दिलेल्या रकमेची) बाजू आहे, आणि ती जास्त जड आहे. आयएएस ३६ (मालमत्तेची किंमत घटली का, ते तपासण्याचं मानक) म्हणतं की गुडविलची तपासणी ऑपरेटिंग सेगमेंटपेक्षा मोठ्या गटावर करता येत नाही, आणि तो सेगमेंट एकत्रीकरणाच्या आधीचा. एक मोठा सेगमेंट असता तर कमी दराच्या कंपनीचं गुडविल पूर्ण सेवेच्या नफ्याच्या आडोशाला राहिलं असतं. पाच सेगमेंट झाले की ते उघड्यावर येतं. म्हणून सेगमेंट बदलण्याच्या वर्षी जुन्या रचनेत एकदा आणि नव्या रचनेत एकदा तपासणी करा, आणि नव्या वाटपाचा आधार आधीच लिहून ठेवा. नवी रचना मंजूर झाल्यावर आठवड्याभरात इम्पेअरमेंट (किमतीतली घट) निघालं, तर नियामक विचारणारच की जुन्या रचनेत ते किती दिवस लपलं होतं.

ताफ्याचंही तसंच. चालू विमानं एकत्र जाळं म्हणून तपासतात, कारण एकट्या विमानाचा स्वतंत्र रोख ओघ नसतो. पण कायमचं सेवेतून काढायचं ठरलं की ते वेगळं पडतं. २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजने ७४७ आणि एअर फ्रान्सने ए३८० निवृत्त केली. अशा निर्णयाच्या दिवशीच ते विमान जाळ्याच्या आडोशातून बाहेर येतं.

तुमच्या टिपेत आता काय हवं ते सांगतो. आयुष्याच्या बदलाचा चालू वर्षावरचा परिणाम एकूण आकड्यात तर द्याच, पण प्रत्येक सेगमेंटसाठीही द्या. मानक तो शब्दशः प्रत्येक वेळी मागत नसलं तरी, त्याशिवाय मागच्या वर्षाशी तुलना फसवी होते. पुनर्मांडणी केलेल्या स्तंभावर लिहा की रचना नवी आहे, घसाऱ्याचे अंदाज जुनेच आहेत. अनिश्चिततेच्या टिपेत (सध्या आयएएस १ मध्ये, आयएफआरएस १८ लागू झाल्यावर आयएएस ८ मध्ये) ‘व्यवस्थापन योग्य निर्णय घेते’ अशी वाक्यं काढा आणि त्याजागी आकडा घाला: माइल्सच्या वापराचा अंदाज एका टक्क्याने हलला तर किती, शॉप व्हिजिटचा खर्च १० टक्क्यांनी वाढला तर किती, आणि तो कोणत्या सेगमेंटला लागेल. सेगमेंट नफ्याचा मेळ एकत्रित नफ्याशी घालताना ‘इतर’ स्तंभातली रक्कम कोणत्याही एका सेगमेंटच्या नफ्याहून मोठी निघाली, तर टिपा छापायला देण्याआधी तो स्तंभ उघडून बघा. परत देण्याची तरतूद, इंधन हेजिंगचा (इंधनाचा भाव आधी बांधून घेण्याच्या करारांचा) फरक आणि अंतर्गत भाड्याचं समायोजन तिथेच सापडतात.